शहापूर तालुक्यातील पाड्यांवर पुन्हा आरोग्य शिबिर घ्यावे, की दुसरे काही करावे?

घोडबंदर_ज्येष्ठ (ठाणे)

सर्वांस नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात ज्येष्ठ नागरिकांचे एक मंडळ आहे. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर एक दिवसाचे आरोग्य शिबिर घेतले. ओळखीचे तीन डॉक्टर सोबत होते. रक्तदाब आणि साखर तपासली, चष्मे दिले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि लहान मुले असलेल्या प्रत्येक घराला प्रोटीन पावडरचा एक डबा दिला. तपासून घ्यायला आलेल्यांत म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी असलेली थोडी मुले एवढीच होती, तरुण जोडपी जवळजवळ नव्हतीच. परंतु त्याचा अर्थ तेव्हा आमच्या ध्यानात आला नाही. संध्याकाळच्या गाडीने परतताना आम्ही सारे समाधानात होतो, हे कबूल करतो.

सप्टेंबरमध्ये आमच्यापैकी चौघे पुन्हा त्या पाड्यावर गेलो. एका घरात आम्ही दिलेला डबा फळीवर ठेवलेला दिसला. आत राखेत घोळवून ठेवलेले काकडीचे बी होते. त्याच घरातील साडेतीन वर्षांच्या मुलाचा, तोच डबा हातात धरलेला जानेवारीतील फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तो काढून पाहिला आणि समोर आजीच्या मांडीवर बसलेल्या मुलाकडे पाहिले. आठ महिन्यांत तो वाढलाच नव्हता, उलट दंड अधिकच बारीक झाले होते. तोंडावर माशी बसली तरी ती हाकलण्यासाठी त्याने हात उचलला नाही. अंगणवाडी सेविकेने सांगितले की त्याला उपचारासाठी दोनदा पाठवले होते आणि दोन्ही वेळा आई चार-पाच दिवसांत त्याला घेऊन परत आली. का परत आलात, असे विचारल्यावर त्याची आई एवढेच म्हणाली, "घरी दोघं बारकी होती, आणि आवणी चालू होती." (आवणी म्हणजे भाताची लावणी.)

मंडळाकडे सध्या २ लाख ४० हजार रुपये जमले आहेत. काही सदस्यांना पुन्हा शिबिर घ्यावे असे वाटते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांचा महिन्यातून एकदा फिरत्या दवाखान्याची गाडी पाठवण्याचा आग्रह आहे, आणि काहींना पौष्टिक खाऊची पाकिटे वाटणे सोपे वाटते. शासनाची यंत्रणा तिथे आहे, सेविका आहे, आशा आहे, उपकेंद्रही फार लांब नाही. मग नेमके कुठे अडते, आणि आमच्यासारख्या बाहेरच्या, वयस्क माणसांना तिथे उपयोगी पडण्याजोगे काही करता येईल का? अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे, वाईट वाटणार नाही.

निवृत्त_पर्यवेक्षिका (कळवा)

काका, नमस्कार. एकात्मिक बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका म्हणून माझी बरीच वर्षे शहापूर आणि मुरबाड भागात गेली, त्यामुळे तुम्ही लिहिलेले घर मी न पाहताही पाहिल्यासारखे वाटले. स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट जानेवारीची. दिवाळी झाली की पाड्यावरील धडधाकट जोडपी वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. पावसाळ्यात घर चालवायला भट्टीच्या शेठकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फेडायला जावेच लागते. जाताना तान्ही मुले आईबरोबर जातात आणि थोडी मोठी मुले आजीपाशी राहतात. तुम्ही गेलात तेव्हा पाडा निम्मा रिकामा होता आणि ज्यांच्यासाठी गेलात त्या गरोदर बाया व दोन वर्षांखालची मुले भिवंडी-कल्याणकडे, म्हणजे तुमच्याच घराच्या जवळ होती. मुलांची वजने उतरतात ती आषाढापासून भाद्रपदापर्यंत. घरातले धान्य संपलेले असते, नवे भात अजून शेतात असते, हगवण आणि ताप याच दिवसांत येतात आणि आई पहाटेपासून आवणीत असते. शहरातून येणारी शिबिरे मात्र रस्ते वाळल्यावर, म्हणजे हिवाळ्यातच होतात.

आता कुठे अडते ते सांगते. कागदावर पाहिले तर वाट पूर्ण आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. सेविका दर महिन्याला वजन-उंची घेते, मूल तीव्र कुपोषित म्हणजे सॅम निघाले तर गावातच ग्राम बालविकास केंद्र सुरू होते, आजारी असेल तर बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे असते. तिथे साधारण चौदा दिवस राहावे लागते आणि घरी आल्यावर दर पंधरवड्याला फेरतपासणी असते. मूल शोधण्यात यंत्रणा आता बऱ्यापैकी तरबेज झाली आहे. शोधलेले मूल चौदा दिवस खाटेवर टिकवणे आणि घरी गेल्यावर पुन्हा गाठणे, इथे मात्र दोर तुटतो.

ती आई परत का आली हे तिने तुम्हाला एका वाक्यात सांगितलेच आहे. आवणीचे दिवस हुकले तर वर्षाचे भात जाते. दुसऱ्याच्या शेतावर असेल तर रोजची मजुरी बुडते आणि पुढल्या वेळी बोलावणे येत नाही. नवसंजीवनी योजनेत आजारी मुलाबरोबर राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे, पण माझ्या अनुभवात ती हातात पडेपर्यंत मूल घरी येऊन महिना उलटलेला असे. उसने घेतलेले तांदूळ तोवर कोण थांबवून धरणार? आणि मागे राहिलेल्या दोन मुलांना जेवू घालणारे कोणी नसेल, तर कुठल्याही आईचे मन खाटेवर ठरणार नाही. आम्ही कचेरीत अशा नोंदीपुढे "पालकांचा नकार" असे लिहीत असू. मीही लिहिले आहे. आता ते शब्द आठवले की अवघडायला होते.

एक प्रसंग सांगते. एका कातकरीवाडीत भाद्रपदात वजने घेत होतो. आढ्याला साल्टर काटा टांगला होता आणि त्याच्या झोळीत दीड वर्षाची मुलगी होती. निरोगी मूल झोळीत घातले की रडून, पाय झाडून काटा हलवत राहते, आकडा वाचायला वेळ लागतो. ही मुलगी स्वस्थ लटकत होती आणि काट्याची सुई एका जागी ठरली होती, म्हणूनच आम्ही घाबरलो. तिच्या आईचे तेच उत्तर होते: शेत आणि घरची मुले. तेव्हा आमच्या मदतनीस बाईंनी सुचवले की शेजारच्या दोघींनी पाळीपाळीने तिच्या घरच्या मुलांना जेवू घालावे आणि तिच्या वाट्याच्या आवणीला आणखी दोन बाया लावाव्यात. त्या बायांची मजुरी आम्ही चौघींनी वर्गणी काढून दिली. आई पूर्ण चौदा दिवस राहिली. मुलगी वाचली, आता शाळेत असेल. खर्च आला तो तुमच्या प्रोटीनच्या तीन-चार डब्यांइतका.

म्हणून माझे मत शिबिराच्या विरुद्ध आहे आणि गाडीच्याही. या भागात १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरवले होते (तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला), आणि तेव्हापासून पथके, गाड्या, पाकिटे यांची कमतरता अशी कधीच नव्हती. तुम्ही एकच पाडा, फार तर दोन, धरा आणि जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी त्याच घरांत जा.

बालरोगतज्ज्ञ_कल्याण

ताईंनी मांडलेले पूर्णपणे पटले. मी वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो, कारण काकांच्या डब्यात एक धोकाही आहे आणि तो सद्भावनेने वाटप करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतो.

तीव्र कुपोषित मुलाचे यकृत, मूत्रपिंड आणि आतडे अगदी कमी ताकदीवर चाललेले असतात. अशा मुलाला एकदम भरपूर प्रथिने दिली तर ती त्याला पेलत नाहीत. म्हणूनच दाखल केलेल्या मुलाला सुरुवातीला एफ-७५ नावाचे, मुद्दाम कमी प्रथिनांचे दूध देतात. त्यात १०० मिलिलीटरला ७५ किलोकॅलरी असतात आणि ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे द्यायचे असते. मूल स्थिरावून त्याची भूक परतली की मग १०० किलोकॅलरीचे एफ-१००. लोहाचे औषधदेखील पहिल्या आठवड्यात सुरू करत नाहीत. ही मुले बहुधा पहाटे दगावतात, कारण अंग गार पडते आणि रक्तातील साखर उतरते. म्हणून पहिले दोन दिवस औषधाइतकेच महत्त्व आईच्या उघड्या छातीशी मूल धरून ऊब देण्याला आणि रात्रीच्या पाजण्याला असते. तुमचा डबा त्या घरात बियाण्यासाठी वापरला गेला, याचे मला वाईट वाटत नाही.

दुसरी सूचना कायद्याची आहे. बाळांसाठीची दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या पाड्यावर कधीही वाटू नका. १९९२ च्या कायद्यानुसार अनाथालयासारखा अपवाद सोडला तर असे दान करण्यास मनाई आहे आणि त्यामागे सबळ कारण आहे: जिथे पाणी उकळायला सरपण पुरत नाही आणि पावडर संपत आली की ती पातळ करून दिली जाते, तिथे बाटली म्हणजे हगवणीला आमंत्रण. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध पुरते. बिस्किटांच्या पाकिटांनी पोट भरते आणि जेवणाची भूक मरते, म्हणून तीही नकोत.

तुम्ही शिकून घ्यावे असे काही असेल तर ते दंडघेर मोजणे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी तीन रंगांची पट्टी असते. डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची, आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आयांनाही हे दहा मिनिटांत येते. आणखी एक खूण पट्टीत सापडत नाही. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे आणि दंड कितीही भरलेला दिसो, ते मूल त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचले पाहिजे. अशाच एका सुजलेल्या मुलाला मांडीवर घेऊन त्याची आजी मला कौतुकाने सांगत होती की आता जरा अंग धरलंय. तिची चूक नव्हती, हाडे दिसणाऱ्या चार नातवंडांत तेवढाच एक तिला गुटगुटीत वाटत होता.

घरोघरी फिरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी सहज विचारता येतात आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. जुलाबासाठी ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई गोळी थांबवते. तसेच गरोदर बायांच्या लोहाच्या गोळ्या: किमान १८० दिवस रोज एक, असे सांगितलेले असते आणि गोळ्या घरात पोहोचलेल्याही असतात, पण शौचाला काळे झाले की बाई घाबरते किंवा मळमळीला कंटाळते, आणि पाकीट पत्र्याच्या वाशात खोचले जाते. काळे होणारच आहे, त्यात भ्यायचे काही नाही, गोळी चहाबरोबर न घेता जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, एवढे आधीच कोणी सांगितले तरी फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण राज्यात २५.६ टक्के, म्हणजे देशाच्या १९.३ टक्क्यांपेक्षाही जास्त होते. हे सबंध राज्याचे आकडे आहेत. पाड्यांवरचे चित्र त्याहून बिकट आहे हे कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात बसलेल्याला दिसते.

ताई म्हणतात त्या पंधरवडी फेरीला शास्त्राचा आधारही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी सुरू केली. साधे वजनकाटे, थर्मामीटर, ऊब देणारी पिशवी आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा दारात जाणे, एवढ्यावर ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज देशभरातील आशा ताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, ती पद्धत तिथूनच आलेली आहे.

ठाकूरवाडीचा (मूळ मुरबाड तालुका, सध्या ऐरोली)

मी वाडीवर वाढलो आणि आता नवी मुंबईत नोकरी करतो. वरचे सर्व वाचले. डॉक्टरसाहेबांचे आणि ताईंचे लिहिणे योग्य आहे, पण काही गोष्टी आमच्या बाजूने सांगाव्याशा वाटतात.

फोटोचे आधी सांगतो. लहानपणी मी अशा तीन शिबिरांत रांगेत उभा राहिलो आहे. प्रत्येक वेळी खाऊ हातात ठेवायचा, फोटो होईपर्यंत तो उघडायचा नाही, आणि नंतर गाडी निघून जायची. काका, आपण तो जुना फोटो काढून मुलाशी ताडून पाहिलात, हे मला आवडले. तरीही पुढच्या वेळी मोबाईल खिशातच राहू द्यावा अशी विनंती आहे.

आम्हाला पौष्टिक काय ते कळत नाही, असे धरून चालू नये. माझी आजी नाचणी, वरई, उडीद, तीळ हे सगळे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर पिकवत होती. पहिला पाऊस पडला की शेवळे निघत, ती काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो हे शहरातल्यांना सांगावे लागते, आम्हाला नाही. पुढे कोळीची भाजी, टाकळा, कुर्डू, भारंगी, ओढ्यातले खेकडे, घरचे मोहाचे वाळवण. आता वरकस जमीन पडीक आहे, नाचणी घरी दळायला कोणाला वेळ नाही, ताटात रेशनचा तांदूळ असतो आणि मुलाच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. आई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि भाद्रपदात त्या शेवटच्या वाढीत डाळीचे पाणीच उरलेले असते. शासनाची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, तिच्यात गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते. ती मला या सगळ्यांत चांगली वाटते, कारण बाईने तिथे बसून जेवायचे असते. घरी डबा आणला की तो आठ जणांत वाटला जातो. आपल्या मंडळाला काही द्यायचेच असेल तर जेवायला आलेल्या बायांबरोबर शांतपणे बसून जेवावे, कोण येत नाही आणि का येत नाही ते आपोआप कळेल. आमच्याकडे एक गरोदर वहिनी येत नव्हत्या, त्यांच्या घरापासून अंगणवाडीपर्यंत मधे ओढा होता आणि पावसात तो पोटाइतका भरतो, एवढेच कारण निघाले.

पाण्याचेही त्यातच आले. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि मुंबई-ठाण्याचे नळ त्यांच्यावर चालतात. त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणारे पाडे आहेत. लहान मुलाला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे भरवा, असा सल्ला आरोग्य सेविका देते. आई दोन हंडे भरायला सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन तास विहिरीवर असेल, तर त्या पाच वेळा कुठून आणायच्या?

आणि भगताला वगळू नये. बाहेरचे लोक त्याच्याकडे अडथळा म्हणून पाहतात. आमच्या वाडीत आशाताईंनी शहाणपणाने त्याच्याशी नाते जोडले. तो आधी झाडतो, अंगारा लावतो, आणि मग स्वतःच म्हणतो की आता ताईकडे दाखव. रात्री मुलाला धाप लागली तर घरचे पहिल्यांदा त्याच्याच दारात जातात, म्हणजे पहिली बातमी त्याला असते.

कातकरी शेजाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. राज्यातील तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी ती एक असल्याने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांचा समावेश आहे, पण जन्माचा दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँक खाते नाही, आणि खाते नाही म्हणून बुडीत मजुरी आणि गरोदर बाया व बाळंतिणींसाठीच्या मातृवंदना योजनेची रक्कम दोन्ही अडकतात. बँकेतून निवृत्त झालेल्या ज्या सदस्यांना गाडी पाठवायची आहे, त्यांचा खरा उपयोग इथे आहे. त्यांना त्या अर्जांची भाषा येते, आम्हाला ती धडकी भरवते.

घोडबंदर_ज्येष्ठ (ठाणे)

तिघांचेही मनापासून आभार. काल मंडळाच्या बैठकीत हे सर्व वाचून दाखवले. बँकवाले स्नेही सुरुवातीला जरा दुखावले, नंतर स्वतःच म्हणाले की कागदपत्रांचे काम माझ्याकडे द्या. शिबिराचा विषय मागे पडला आहे. फोटोबद्दलची सूचना शिरोधार्य.

आता दोन शंका उरल्या. आमच्यापैकी बहुतेकांचे वय पासष्टच्या पुढे आहे, पावसात दर पंधरा दिवसांनी पाड्यावर चढणे चौघांनाच शक्य होईल. बाकीच्यांनी काय करावे? आणि एखाद्या आईला दाखल असताना मजुरी द्यायची तर ती कोणाच्या हाती, किती आणि कशी द्यावी, म्हणजे दान केल्यासारखे होणार नाही आणि शेजारणींत हेवाही वाटणार नाही?

वीटभट्टी_शाळा (नेरूळ)

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देते. आम्ही काही शिक्षिका रविवारी कल्याण-भिवंडी परिसरातील भट्ट्यांवर मुलांना शिकवायला जातो. ज्यांना डोंगर चढवत नाही त्यांनी डिसेंबर ते मे या काळात भट्टीवर यावे, घोडबंदरहून गाडीने तासाभराचे अंतर आहे आणि जमीन सपाट आहे. तिथले मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर "स्थलांतरित" असते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या पटावर नसतेच. वास्तविक बाहेरगावाहून आलेल्या मुलालाही जवळच्या अंगणवाडीने आहार आणि लस द्यायची असते, परंतु सेविकेला भट्टीवर कोणी आले आहे हे कळतच नाही आणि आईला विचारायचे सुचत नाही. विटा पाडायचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला आया झोपेला आलेल्या असतात आणि मुले मातीत एकटी खेळत असतात. कोणी तरी मुलांची नावे, वये आणि लसीचे कार्ड पाहून तेवढी यादी त्या अंगणवाडीत पोहोचवली, तरी पुष्कळ आहे. शेठशी पहिल्याच दिवशी मजुरीचा किंवा उचलीचा विषय काढू नये, नाहीतर दुसऱ्या रविवारी फाटक बंद मिळते. आम्हाला ते एकदा मिळाले आहे.

निवृत्त_पर्यवेक्षिका (कळवा)

काका, दुसऱ्या शंकेचे माझ्या पद्धतीने सांगते, पटेल ते घ्या.

रोख रक्कम आईच्या हाती देऊ नका. कारण तिच्यावर अविश्वास हे नव्हे. घरात पैसा आला की जुने देणेकरी दारात उभे राहतात आणि ती नाही म्हणू शकत नाही. तिच्या शेतावर किंवा तिच्या जागी कामाला ज्या दोन बाया जातील त्यांची मजुरी त्या दिवशीच्या चालू दराने द्या आणि घरची मुले जी शेजारीण सांभाळील तिला रोजचे धान्य, डाळ, तेल द्या. गावात हे कामाचे दाम म्हणून दिसते आणि हेव्याला जागा राहत नाही. दर सेविकेला आणि मदतनीस बाईंना विचारून ठरवा, स्वतः वाढवून देऊ नका, नाहीतर शेजारच्या पाड्यावर आवणीला माणूस मिळणार नाही. शासनाच्या बुडीत मजुरीचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. ती उशिरा आली तरी त्या आईचीच आहे, तुमची रक्कम तिच्यातून वळती करू नका. आईबरोबर रुग्णालयात जाताना तिला दोन लुगडी, एक चादर, ताटली आणि परतीचे गाडीभाडे द्या. गाडीभाडे हातात असले की अडकून पडण्याची भीती जाते आणि बाई जास्त दिवस राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सुरुवातीला बालविकास प्रकल्प अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी या दोघांना लेखी कळवा. परवानगीपुरते हे नाही. तुम्ही मोजलेला दंडघेर सेविकेच्या नोंदवहीतच चढला पाहिजे, तुमची वेगळी वही नको. दोन वह्यांत दोन आकडे आले तर उत्तर द्यावे लागते ते सेविकेला, आणि मग पुढच्या वेळी ती तुम्हाला पाहून हसणार नाही. तिच्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरला, म्हणजे नोंदी भरायच्या ॲपला, रेंज नसते, त्यासाठी ती महिन्याच्या शेवटी टेकडीवर जाऊन उभी राहते. तेव्हा तिच्या मुलांकडे कोणी तरी बसावे, हेही एक काम आहे.

पहिल्या फेरीला काहीही वाटायला नेऊ नका, पट्टीसुद्धा पिशवीत असू द्या. आसनगावला उतरून निघण्यापूर्वी सेविकेला फोन करून त्या भागातला बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारा आणि तो वार टाळा, कारण त्या दिवशी पाड्यावर कोणी सापडत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला पोहोचा. त्या मुलाच्या घरी आजी ओटीवर असेल. काकडीचे बी आता जमिनीत गेले असेल, तेव्हा वेल कुठवर आला एवढेच विचारा, आणि चहा दिला तर बिनदुधाचा असला तरी घ्या.